असरपर्यंतची खरेदी

फकरुद्दीनची खरेदीची फेरी एरवी चार तासांत आटपायची. सकाळी साडेनऊला उमऱ्याच्या यात्रेला आलेल्या माणसांना हॉटेलच्या दारातून गाडीत घ्यायचं, आधी जुन्या बलदच्या गल्ल्यांत खजूर आणि अत्तर, मग शराफियाच्या बाजारात सोनं आणि ब्लँकेटं, वेळ उरलाच तर समुद्राचं दर्शन, की दीडच्या आत सामानासकट परत. कुठल्या दुकानात बायकांना बसायला खुर्ची मिळते, कुठला अत्तरवाला बाटलीत भेसळ करतो, कुठला संडास स्वच्छ असतो, सगळं त्याला पाठ होतं. जेद्द्यात चौतीस वर्षं काढली होती त्याने. आधी बेकरीची व्हॅन चालवली, मग शाळेची बस, आणि गेली अकरा वर्षं ही सात सीटची गाडी. कोकणातल्या टूरवाल्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर 'शॉपिंगवाले फकरुभाय' याच नावाने होता.

आज मात्र फेरी असरच्या, म्हणजे दुपारी साडेतीनच्या नमाजेपर्यंत ताणायची होती. गिऱ्हाईक एकच, जुबेदाबाय. आणि तिचा मुलगा मेला आहे हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

हे काम कादिरने आदल्या संध्याकाळी जमातीच्या खोलीत त्याच्यावर सोपवलं. दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवरच्या गावांची मिळून जेद्द्यात एक जमात आहे, तिची शराफियात एक खोली आहे. कोणी आजारी पडला, कोणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना अडकला, कोणी मेला, की माणसं तिथे जमतात. कादिर हा जुबेदाबायचा धाकटा भाऊ. तिचा मुलगा मुआज रास तनुऱ्याला रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे फिटर होता, सत्तावीस वर्षांचा. आई उमऱ्याला आलीय म्हणून गुरुवारी सकाळी रात्रपाळी संपवून, मित्राची गाडी मागून, तो मक्केकडे निघाला. साऱ्या देशाची रुंदी ओलांडून आला आणि ताइफच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळला. जागीच गेला.

जुबेदाबायला सांगितलं गेलं की मुआजच्या कामावर दुरुस्तीसाठी शटडाउन लागलाय, सुट्टी रद्द झालीय, आणि शटडाउनात मोबाईल गेटवर जमा करून घेतात. पूर्वी एकदा खरंच तसं झालं होतं, त्यामुळे तिचा विश्वास बसला. गावाहून तिच्या नवऱ्याने दफनाला संमती लिहून पाठवली आणि वर निरोप दिला की तिला तिथे काही कळू देऊ नका. परक्या मुलखात, हॉटेलच्या खोलीत ऐकलं तर तिला धरणार कोण? घरी येऊ दे, चार बायकांत बसवून सांगू. उमरा आटपून जेद्द्यात आलेल्या गटाचं विमान बुधवारी रात्रीचं होतं. मुआजला ताइफहून जेद्द्याच्या दवाखान्यात आणून ठेवलं होतं, कागदपत्रं सोमवारी पुरी झाली. म्हणजे मंगळवारी असरला दफन, आणि तोपर्यंत तिला कुठेतरी गुंतवून ठेवणं.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण रीतच तशी होती. जमातीत मेल्याची बातमी सरळ द्यायची नसते. 'बाबांची तब्येत जरा नरम आहे, जाऊन ये' म्हणायचं आणि हातात तिकीट द्यायचं. अशी कित्येक माणसं फकरुद्दीनने स्वतः विमानतळावर सोडली होती, वाटेत पावसापाण्याच्या गप्पा मारत. त्याची स्वतःची आई गेली तेव्हा त्यालाही असंच अंधारात ठेवलं होतं. भाऊ चार महिने पत्रांत 'आईचा सलाम' लिहीत राहिला, आणि सुट्टीवर घरी पोचल्यावर फकरुद्दीनला ओसरीवर कळलं. तेव्हा तो भावाला काही बोलला नाही. तुझ्याच भल्यासाठी केलं, म्हणाले, आणि त्याने मान डोलावली. मात्र ती चार पत्रं त्याने पुन्हा कधी उघडली नाहीत.

कादिरलाही तो हो म्हणाला. जमातीला नाही म्हणणं सोपं नसतं. उद्या आपण मेलो तर खांद्याला हीच माणसं येणार, हे खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

सकाळी हॉटेलच्या दारात दोघी उभ्या होत्या. जुबेदाबाय ठेंगणी, काळ्या बुरख्यावर गटाचा हिरवा रुमाल गळ्यात, हातात यादी. सोबत कादिरची बायको तबस्सुम, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. डोळे आलेत, असं तिने नणंदेला सांगितलं होतं.

"जेद्द्यात राहून हिरोइन झालीये आमची भावजय," जुबेदाबाय गाडीत बसता बसता म्हणाली. "आणि तुम्ही काय वो फकरुभाय, तुमचे पण डोळे आलेत काय? बघत नाय माझ्याकडे."

आपण ड्रायव्हर माणूस, रस्त्याकडेच बघणार, असं काहीतरी तो म्हणाला आणि गाडी काढली.

बलदमध्ये त्याने नेहमीचं सगळं दाखवलं. लाकडी जाळीच्या खिडक्यांची जुनी घरं, बाब मक्का ही जुनी वेस, मसाल्यांची गल्ली. तोंड आपोआप चालत होतं. अकरा वर्षं तीच वाक्यं. खजुराच्या दुकानात जुबेदाबायने पाच जाती चाखल्या, प्रत्येकीला नाव ठेवलं, आणि दुकानदाराकडून तुम्हाला किती सुटतात ते आधी सांगा, म्हणजे तेवढे मी कमी देते, असं फकरुद्दीनला सुनावलं. दुकानदार हसला. फकरुद्दीनही हसला. मग तिने सर्वांत महागाची अजवा अर्धा किलो वेगळी बांधून घेतली. ही मुआजला. कादिरला सांगून, रास तनुऱ्याच्या बाजूला, दम्मामकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायची. कॅन्टीनचं खाऊन पोरगा वाळलाय, फोटोत गळ्याची हाडं दिसतात, असं ती त्या दुकानदाराला मराठीतच सांगत राहिली.

दुकानाबाहेर येऊन तिने मोबाईल तोंडाजवळ धरला आणि मुआजला बोलून निरोप पाठवला. बलदात आहे, तुझी मामी चष्मा लावून फिरतेय, फकरुभाय मला लुटतायत, शटडाउन गेला खड्ड्यात, फोन हातात आला की आधी मला लाव. पाठवून झाल्यावर तिने मोबाईलची स्क्रीन फकरुद्दीनपुढे धरली.

"एकच टिक आहे. गुरुवारपासून एकच. किती दिवस चालतो वो हा शटडाउन?"

तबस्सुम वळून मसाल्याच्या पोत्यांकडे बघायला लागली. फकरुद्दीन म्हणाला, "काही सांगता येत नाही. कधी पंधरा दिवस पण जातात." वाक्य सहज निघालं. इतकं सहज की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

शराफियात ती सोन्याच्या दुकानात तासभर बसली. मुआजसाठी तिने मुलगी बघून ठेवली होती, खाडीपलीकडचीच, डी.एड. झालेली. तिच्यासाठी अंगठी. सोनार उडुपीकडचा होता, तो हिंदीत बोलला, जुबेदाबाय मराठीत, आणि घासाघीस छान रंगली. फकरुद्दीन दारात उभा राहून घड्याळ बघत होता. कादिरचा मेसेज आला: मय्यत दवाखान्यातून निघाली, जोहरनंतर गुस्ल, साडेतीनला असर, तोवर सांभाळ. म्हणजे दुपारच्या नमाजेनंतर मय्यतीला आंघोळ घालून कफनात बांधणार. त्याने अंगठा उठवलेलं चित्र पाठवलं आणि मोबाईल खिशात टाकला.

बारा वाजता बाजार बंद व्हायला लागला. दुपारी चारपर्यंत इथे शटर उघडत नाही. तेवढे मॉल चालू असतात. नेहमीची गिऱ्हाइकं या वेळेला हॉटेलवर परत जायची. तो दोघींना मॉलमध्ये घेऊन गेला. नमाज झाली, जेवण झालं. जुबेदाबायने कोंबडीभाताला नाव ठेवत सगळा संपवला. तबस्सुमने घास इकडचा तिकडे केला. पाय दुखायला लागलेत, आता परत जाऊ, असं जुबेदाबाय म्हणाली, तेव्हा तबस्सुमने घाबरून फकरुद्दीनकडे बघितलं. त्याने लगेच सांगितलं की वरच्या मजल्यावर तोबचं दुकान आहे. तोब म्हणजे इथले पुरुष घालतात तो पांढरा पायघोळ अंगरखा. निकाहला आजकाल आपल्याकडची पोरंही तोब घालतात.

हे त्याने का सुचवलं, ते त्याला नंतरही कळलं नाही. धंद्याची सवय. गिऱ्हाईक कंटाळलं की त्याच्या घरातल्या कोणाचं तरी नाव काढून एखादी वस्तू पुढे करायची.

जुबेदाबायचे पाय दुखायचे थांबले.

दुकानातला सेल्समन मलबारी होता. नवरदेवाचं माप विचारलं तर जुबेदाबायला आकडा सांगता येईना. तिने इकडेतिकडे बघितलं आणि फकरुद्दीनवर नजर थांबवली. उंची हीच, म्हणाली, खांदे पण असेच, उतरते. उभे राहा जरा. फकरुद्दीन नको म्हणाला. ती म्हणाली, लाजता काय, तुमचा निकाह नाही लावत मी. सेल्समनने टेप गळ्यातून काढून त्याच्या पाठीवर टेकवली, आणि जुबेदाबायने एक घडी मोडलेला तोब दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यावरून सोडला. कापड कोरं, कडक, पांढरं शुभ्र. ते त्याच्या पायांपर्यंत आलं. समोरच्या आरशात त्याला स्वतःची दाढी दिसली आणि खाली सगळं पांढरं.

या वेळेला तिकडे कादिर आणि आणखी दोघे तिघे असंच पांढरं कापड मापत असणार.

तबस्सुम दुकानातून निघून गेली. जुबेदाबाय मागे सरकून, डोळे बारीक करून बघत होती. "लांबीला बरोबर आहे," ती म्हणाली. "पोटाला जास्त होईल त्याला."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फकरुद्दीनला आई आठवली, पण त्याहून जास्त समुद्र आठवला. आई गेली तेव्हा मध्ये समुद्र होता; त्याला कळलं असतं तरी पोचता आलं नसतं. या बाईच्या आणि तिच्या मुलाच्या मध्ये काय होतं? वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, आणि एक फकरुद्दीन.

त्याने तोब खांद्यावरून काढून सेल्समनच्या हातात दिला. म्हणाला, "जुबेदाबाय, हे राहू दे. खाली गाडीत चला. मला बोलायचंय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग काही न विचारता पर्स उचलली.

पार्किंगमध्ये तबस्सुम गाडीला टेकून उभी होती. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं, आणि तिने त्याला हाताने अडवलं. जबान दिली होती तुम्ही, म्हणाली, सगळ्यांसमोर दिली होती. त्याने ऐकलं न ऐकलं केलं. मागचा दरवाजा उघडून जुबेदाबायला बसवलं, स्वतः बाहेर उभा राहिला, आणि सांगितलं. कसं सांगायचं याचे शब्द त्याच्याजवळ नव्हते, म्हणून त्याने जसं होतं तसं सांगितलं. मुआज तुम्हाला भेटायला निघाला होता. ताइफजवळ अपघात झाला. तो राहिला नाही.

ती ओरडली नाही. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी दाबून धरली.

"कधी?"

"गुरुवारी. रात्री."

"आज मंगळवार."

"हो."

"शुक्रवारी मी काब्यासमोर त्याच्यासाठी मागितलं," ती म्हणाली. "लांब आयुष्य मागितलं. तेव्हा तो गेलेला होता?"

फकरुद्दीनने हो म्हटलं. तबस्सुम शेजारी बसून तिला कवटाळायला गेली, तिने तिचा हात बाजूला केला. आता कुठे आहे, एवढंच विचारलं. गुस्लखान्यात आहे, असरला जनाजा आहे, असं कळल्यावर म्हणाली, गाडी काढा.

रस्ता वीस मिनिटांचा होता, पण शाळा सुटायची वेळ झाली होती. सिग्नल लागत गेले. फकरुद्दीनने कादिरला फोन लावला आणि बहीण येतेय म्हणून सांगितलं. मग कादिर शिव्या द्यायला लागला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असा शब्द फकरुद्दीनने ऐकला नव्हता. शेवटी त्याचा आवाज फाटला. आम्ही काय मजा म्हणून लपवलं का, तो म्हणाला. ट्रेलरखाली गेलाय तो, फकरुभाय. वर काही राहिलेलं नाही. तिला काय दाखवू मी? कफन बांधलंय. ते आता सोडायचं नाही.

ही गोष्ट फकरुद्दीनला कोणी सांगितली नव्हती. फक्त मुआजच्या बापाला आणि कादिरला ती माहीत होती. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उठला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"काय म्हणतो कादिर?" मागून जुबेदाबायने विचारलं.

आरशात ती दिसत होती. आता खोटं बोलायची आणखी एक संधी होती, आणि या वेळचं खोटं कदाचित पुण्याचंही ठरलं असतं. जनाजा निघाला, उशीर झाला, एवढंच म्हणायचं होतं. तबस्सुमही आरशातून त्याला तेच सांगत होती.

"चेहरा बघण्यासारखा नाही म्हणतो," फकरुद्दीन म्हणाला.

दोन सिग्नल गेले. उजव्या हाताला पेट्रोल पंप गेला, मग एक मोठं फर्निचरचं दुकान. मग ती म्हणाली, "पाय आहेत?"

त्याने पुन्हा फोन कानाला लावला. कादिर रडत होता. हो म्हणाला. पाय आहेत.

"मग पाय बघीन," जुबेदाबाय म्हणाली.

गुस्लखाना कब्रस्तानाच्या भिंतीला लागून होता. तीन वाजून गेले होते. दारात कादिर आणि जमातीचे पाच-सहा जण उभे होते, कोणीही फकरुद्दीनकडे बघितलं नाही. कादिर दारात आडवा उभा राहिला. आपा, नको, नंतर तुला झोप लागायची नाही, तो म्हणत होता. वेळ झाली, इमाम थांबणार नाही, म्हणत होता. ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. तेवढ्यात आतून मय्यतीला गुस्ल देणारा बाहेर आला, म्हातारा सुदानी, कोपरापर्यंत ओला, कमरेला प्लॅस्टिकचा एप्रन. कोण बाई, असं त्याने अरबीत विचारलं. फकरुद्दीनने सांगितलं, आई. म्हाताऱ्याने कादिरच्या छातीवर हलकेच हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि तिला आत बोलावलं.

आत ओल्या फरशीचा आणि कापराचा वास होता. मय्यत बांधून तयार होती, डोक्याकडून आणि पायांकडून कापडाच्या पट्ट्या आवळलेल्या. म्हाताऱ्याने मध्ये उभं राहून डोक्याकडची बाजू आपल्या अंगाआड केली, पायांकडची गाठ सोडली आणि कापड घोट्यांच्या वरपर्यंत दुमडलं.

जुबेदाबायने दोन्ही पाय हातांत धरले. फकरुद्दीन दारात थांबला होता. त्याला आत जायचा धीर होईना आणि बाहेर जायचाही. ती अंगठा टाचांवरून पुन्हा पुन्हा फिरवत होती, जसं काही चिकटलंय ते निघेल.

"टाचा फुटल्यात याच्या," ती म्हणाली. "मलम लाव म्हटलं होतं. लावत नाही."

मग ती वाकली आणि तिने कपाळ त्या पायांवर टेकलं, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज निघाला. तो मोठा नव्हता. बाहेर उभी असलेली माणसं मात्र भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

असरची अजान झाली. म्हाताऱ्याने तिला हात लावला नाही. तिच्याच्याने उठवेल तोपर्यंत पट्टी हातात धरून उभा राहिला. मग त्याने गाठ पुन्हा बांधली.

नमाज झाली. जनाजा कब्रस्तानात नेताना फकरुद्दीन खांदा द्यायला पुढे झाला तर जागा झाली नाही; सगळे खांदे लागलेले होते आणि कोणी बाजूला सरकलं नाही. तो मागे राहिला. फाटकाच्या आत बायकांना जाता येत नाही. जुबेदाबाय आणि तबस्सुम त्याच्या गाडीत बसल्या होत्या, काच खाली केलेली. तो काचेजवळून जाताना जुबेदाबायने हाक मारली.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला."

"हो."

"मला खजूर चाखायला लावलेत. पाच पाच जाती."

तो उभा राहिला.

"हे मी विसरायची नाय, फकरुभाय." ती समोर फाटकाकडे बघत बोलत होती. "जा आता. माझ्या वाटच्या तीन मुठी माती तुम्ही टाका. कादिरला मी सांगत नाय. तुम्ही टाका."

कबरीपाशी तो सगळ्यांच्या मागे थांबला. माणसं आपापल्या तीन तीन मुठी टाकून बाजूला झाली. मग तो पुढे गेला, गुडघ्यावर बसला, तीन मुठी टाकल्या, उठला नाही, आणखी तीन टाकल्या. कादिर समोर उभा होता. त्याने ते मोजलं, त्याला कळलंही कोणाच्या ते, आणि त्याने मान फिरवली. जमातीच्या खोलीत यापुढे आपल्याला चहा कोण देतं ते बघायचं, असं फकरुद्दीनच्या मनात आलं. मग तेही गेलं.

परत आला तेव्हा हात झाडूनही नखांत माती राहिली होती. तो स्टिअरिंगवर बसला. मागून जुबेदाबायने विचारलं, "माती कशी आहे हिकडची?"

"कोरडी. वाळूच आहे. मध्ये मध्ये खडे."

"खडे काढलेत?"

हो म्हणणं सोपं होतं. तिने वळून बघितलंही नसतं.

"नाही," तो म्हणाला. "मला सुचलं नाही."

फाटकातून माणसं एकेक करून बाहेर पडत होती, चपलांतली वाळू झटकत.

"बरं," ती म्हणाली. "चला."